केसपेपरवरील छोटे शब्द

वैद्यकीय इंग्रजीतील अवघड शब्दांचे भय आपल्याला उरलेले नाही. ‘हिपॅटोस्प्लिनोमेगॅली’ हा शब्द नवखा इंटर्नही न अडखळता लिहितो. चूक होते ती ‘सिन्स’, ‘फॉर’, ‘टू’, ‘बाय’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी, आणि ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडले जाते. इंग्रजीत तेच काम नामापूर्वी येणारा स्वतंत्र शब्द करतो, आणि दोहोंची एकास एक जोडी जुळत नाही. त्यातून आपण मध्य प्रदेशातील मराठी डॉक्टर! बाळाची आई सांगते, ‘तीन दिन से बुखार है’. आपल्या मनात उमटते ‘तीन दिवसांपासून ताप’, आणि कागदावर उतरते ‘फीवर सिन्स थ्री डेज’. वास्तविक ‘सिन्स’नंतर आरंभाचा क्षण यावा लागतो: सोमवारपासून, ५ तारखेपासून. कालावधी सांगायचा तर ‘फॉर थ्री डेज’.

‘अर्थ कळला ना, मग व्याकरणाचा एवढा आग्रह कशाला?’ असे कोणी म्हणेल. डेंग्यूचे उदाहरण घ्या. त्यातील धोक्याचा काळ बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागताना येतो. तारीख नसलेले पत्र दोन दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात उघडले गेले, तर ते तीन दिवस कोठून मोजायचे? ‘सिन्स’ लिहून पुढे तारीख घातली की व्याकरणही साधते आणि दिवसही अचूक मोजता येतो.

मात्रेच्या बाबतीत तर एक शब्द पुरेसा घातक ठरतो. फिट्सवरील सिरप ४ मि.ली. चालू आहे. ‘इन्क्रीज टू ५’ म्हणजे मात्रा ५ मि.ली.पर्यंत न्यायची, ‘इन्क्रीज बाय ५’ म्हणजे ५ मि.ली.ने वाढवून ९ करायची. येथे मराठीचे ‘पर्यंत’ आणि ‘ने’ अगदी स्वच्छ आहेत. पण ‘औषध ५ मि.ली. वाढवा’ असे आपण प्रत्यय गाळून बोललो, की संदिग्धता मराठीतच सुरू होते. ‘पर’ या शब्दाचेही तसेच. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मि.ग्रॅ., दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, म्हणजे दिवसाला किलोमागे ६० मि.ग्रॅ. नुसते ‘६० मि.ग्रॅ. पर केजी’ लिहून ‘पर डे’ गाळले, तर १० किलोच्या बाळाला १५० ऐवजी ६०० मि.ग्रॅ. एकाच वेळी दिले जाऊ शकते. चौपट!

तिसरा प्रश्न कारणाचा. ‘डाइड ऑफ’ म्हणजे त्या आजाराने मृत्यू. ‘डाइड विथ’ म्हणजे तो आजार असताना मृत्यू. २०२० साली कोविडच्या काळात हा भेद जगभर चर्चिला गेला. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, म्हणजे आपल्या नमुना ४ व ४अ मध्ये, पहिल्या भागातील ओळी ‘ड्यू टू’ या शब्दांनीच जोडलेल्या असतात. वरच्या ओळीत रक्ताभिसरणाचा शॉक, त्याखाली तो ज्यामुळे झाला तो तीव्र अतिसार. बाळाचे कुपोषण मृत्यूला हातभार लावणारे असेल, तर ते दुसऱ्या भागात. ओळींची उलटापालट झाली, की कार्य आणि कारण यांचीच अदलाबदल होते आणि बालमृत्यूंच्या नोंदीत चुकीचे कारण शिरते.

म्हणून निवासी डॉक्टरांना मी तीन गोष्टी सांगतो. वाक्य आधी मनात मराठीत, प्रत्ययासह पूर्ण म्हणावे आणि मगच इंग्रजी शब्द निवडावा. आजाराचा आरंभ तारखेनेच लिहावा. मात्रा बदलताना जुनी आणि नवी अशा दोन्ही मात्रा लिहाव्यात, आणि ‘दर दिवसाला’ की ‘दर वेळेला’ हे कधीही गाळू नये. आपले पत्र रात्री दोन वाजता दुसऱ्या गावी एखादी परिचारिका वाचत असते. ‘डॉक्टर, तुम्हाला नक्की काय म्हणायचे होते?’ असे त्या वेळी ती आपल्याला विचारू शकेलच असे नाही.