व्यायामांतील संख्येचा विचार

शंभर जोर आणि दोनशें बैठका हा हिशेब महाराष्ट्रांतील तालमींत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. संख्या वाढली कीं बळ वाढलें, अशी त्यामागें समजूत असते. उलट आजच्या व्यायामशाळेंतील एखादा तरुण लोखंडी कांब पांच वेळां उचलून खालीं ठेवतो आणि तीन मिनिटें स्वस्थ बसून राहतो. जुन्या वस्तादाला हा निव्वळ आळस वाटावा यांत नवल नाहीं. परंतु दोघांचें साध्य भिन्न आहे आणि म्हणूनच संख्याही भिन्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत झाला. शिकागो येथील गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयांत मांडीचीं हाडें मोडलेले व गुडघे दुखावलेले सैनिक येत. हाड सांधे, जखम भरे. पण दीर्घकाळ निश्चल राहिलेली मांडी वाळून जाई. थॉमस डेलॉर्म या तरुण डॉक्टरास वजनें उचलण्याचा स्वतःलाच नाद होता. त्यानें रुग्णाच्या पायास लोखंडी जोडा बांधून त्यावर वजनें चढविलीं. जें वजन जेमतेम १० वेळां उचलतां येईल, अकराव्या वेळीं नाहीं, तें त्या रुग्णाचें माप. थोडीं आवर्तनें व भारी वजन यांनीं बळ येतें, पुष्कळ आवर्तनें व हलकें वजन यांनीं दम येतो, आणि एकाचें कार्य दुसऱ्याकडून होत नाहीं, असा सिद्धांत त्यानें १९४५ सालीं मांडला. आरंभीं तो एका वेळीं ७० ते १०० आवर्तनें करवून घेई. १९४८ सालीं त्यानें व वॉटकिन्स यांनीं तीं ३० वर आणलीं: दहा-दहांच्या तीन फेऱ्या, पहिली निम्म्या वजनाची, दुसरी पाऊण, तिसरी पुरत्या वजनाची. आज ज्यास ‘तीन सेट’ म्हणतात त्याच्या प्रसाराचें बरेंचसें श्रेय या दोघांकडे जातें.

असें कां व्हावें? स्नायूंतील तंतू सर्व एकदम कामास लागत नाहींत. हलक्या ओझ्यास थोडे पुरतात. मोठे व जोरकस तंतू भारी ओझें आल्यावर, किंवा लहान तंतू थकल्यावरच जागे होतात. त्यांना एकजुटीनें हांक देण्याची मज्जातंतूंची संवय हेंच बळाचें मोठें अंग होय. यास्तव ज्याला केवळ बळ हवें त्यानें, एका वेळीं कमाल जेवढें उचलतां येतें त्याच्या सुमारें ८५ टक्के वा अधिक वजन घेऊन १ ते ५ आवर्तनें करावीं आणि मध्यें दोन-तीन मिनिटें विसांवा घ्यावा. तरुणाचें तें बसून राहणें आळस नव्हे. मात्र हा मार्ग नवशिक्याचा नाहीं. उचलण्याची ढब आधीं बसली पाहिजे.

शरीर भरावें अशी इच्छा असणाऱ्यांस ८ ते १२ हा आंकडा अनेक वर्षें सांगितला जात असे. या शतकांतील प्रयोगांनीं तो बंध सैल केला आहे. शेवटचीं आवर्तनें खरोखर जड जात असतील, तर पांचांपासून तिसांपर्यंत कोठेंही स्नायूंची वाढ जवळजवळ सारखीच होते. बळाच्या बाबतींत मात्र भारी वजनच सरस ठरतें.

आतां वस्तादाकडे पुन्हां पाहावें. शंभर जोर सहज काढणाऱ्यानें दोनशें काढले तर त्याचा दम वाढेल, बळ फारसें नाहीं. कुस्तीला दम लागतोच, तेव्हां वस्ताद चुकत नाहीं. बळही हवें असेल तर पाय उंचावर ठेवून किंवा पाठीवर वजन घेऊन मोजकेच जोर काढावे.

उतारवयांत स्नायू झिजतात आणि खुर्चीवरून उठणेंही परीक्षा होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचविते. वृद्धांनीं हलक्या वजनाचीं १० ते १५ आवर्तनें करावीं. हात न टेकतां खुर्चीवरून १० वेळां उठणें सोपें झालें कीं दोन्ही हातांत पाण्यानें भरलेली एकेक बाटली घ्यावी आणि आठांपासून पुन्हां मोजावें. उठतांना श्वास कोंडूं नये. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनीं तर मुळींच नाहीं.