आकाशगंगेचा रोजमेळ

व्यापाऱ्याच्या घरी रोजमेळ जुळल्याखेरीज दिवस संपत नाही. असाच एक विराट रोजमेळ युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘गाया’ या दुर्बिणीने सुमारे साडेदहा वर्षे लिहिला. त्यातील खाती होती आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांची.

१९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘गाया’ने उड्डाण केले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून ती सहा तासांत स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करी आणि समोरून सरकणारे तारे टिपत जाई. जवळजवळ २०० कोटी ताऱ्यांची तिने पुनःपुन्हा नोंद घेतली; तरीही हे आकाशगंगेतील ताऱ्यांच्या जेमतेम एक-दोन टक्केच.

हात लांब करून अंगठा प्रथम एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहावा; मागील भिंतीवर तो सरकल्यासारखा भासतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने जवळचे तारेही असेच किंचित सरकलेले दिसतात. यालाच पराशय म्हणतात. पराशय जितका लहान, तितका तारा दूर.

मला सर्वाधिक भावला तो या हिशेबातील प्रामाणिकपणा. क्वेसार इतके दूर आहेत, की त्यांचा पराशय शून्यच भरावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या नोंदसंचात मात्र तो सरासरीने किंचित उणे निघाला. ही तूट एका विकलेच्या लाखाव्या भागाच्या जेमतेम तिप्पट होती. बँकेत ताळा काही पैशांनी चुकला, तरी आम्ही रात्री उशिरापर्यंत चूक शोधत बसत असू. या शास्त्रज्ञांनी तूट झाकली नाही. आकड्यांसोबतच ती जाहीर केली. प्रत्येक मोजमापाशेजारी संभाव्य चूकही छापली. स्याद्वाद म्हणजे संशय नव्हे. आपले कथन कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे स्पष्ट करण्याची ती शिस्त आहे. त्या शिस्तीशी जवळीक असलेली ही वृत्ती मला वाटते.

दिशा सांभाळण्यासाठी लागणारा वायू संपत आल्यावर १५ जानेवारी २०२५ रोजी निरीक्षणे थांबली आणि २७ मार्चला ‘गाया’ कायमची बंद करण्यात आली. तिच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी मात्र जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर एखाद्या संध्याकाळी नातवंडांना गच्चीवर न्यावे आणि अंगठ्याचा तो प्रयोग त्यांच्याकडून करून घ्यावा. इतक्या मोठ्या हिशेबाचा आरंभ तेवढ्याच साध्या गोष्टीत आहे.