व्हेर्नेच्या वादळांतील भयानक आणि करुण

भय माणूस टाळतो. मग भयानक रस त्यास हवासा का वाटावा? संस्कृत साहित्यशास्त्राचा हा जुना प्रश्न जोझेफ व्हेर्ने (१७१४–१७८९) या फ्रेंच चित्रकाराच्या वादळचित्रांपुढे नव्याने उभा राहतो. खडकावर आपटून जहाज फुटत असते; परंतु दृष्टी खिळते ती अलीकडच्या किनाऱ्यावर: दोरावरून सरकत येणारे खलाशी, मूर्च्छित स्त्री, आकाशाकडे उभारलेले हात. प्रेक्षकही याच कोरड्या भूमीवर उभा असतो. दिदेरोने १७६७ च्या प्रदर्शनावर लिहिताना व्हेर्नेची दृश्ये प्रत्यक्ष फिरून पाहिलेली स्थळे म्हणून वर्णिली. चौकट विसरण्याचा हा खेळ त्याला परवडला, कारण चौकट होती.

१७८९ मध्ये व्हेर्नेने बेर्नार्दां द सें-प्येर याच्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या आदल्याच वर्षीच्या कादंबरीतील नायिकेचा मृत्यू रंगविला. कथेतील जहाज, ‘सें-जेरां’, १७४४ साली मॉरिशसजवळ खरोखरच बुडाले होते. (पुढील शतकात मराठी कुटुंबे वसली, तेच हे बेट.) कादंबरीत व्हर्जिनी फुटत्या जहाजावर लाटेसमोर उभी असते. व्हेर्नेने तो क्षण सोडला. त्याची व्हर्जिनी वाळूवर निश्चेष्ट पडली आहे, आणि भोवती तिची माणसे आहेत.