गर्भिणीच्या रक्तातील कण आणि एक मागे पडलेली संज्ञा

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होतो, बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागते आणि उपाय न झाल्यास झटके येण्याचा धोका असतो. या व्याधीचे आजचे नाव प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे आक्षेपकापूर्वीची अवस्था. ‘आक्षेपक’ हा शब्द सुश्रुताच्या निदानस्थानातील असून, कुपित वायू धमन्यांत शिरल्याने तो होतो असे तेथे सांगितले आहे. इंग्रजी ग्रंथांत पूर्वी या व्याधीला ‘टॉक्सीमिया’, रक्तातील विषबाधा, म्हणत. विष सापडले नाही आणि संज्ञा मागे पडली. परंतु ती सर्वस्वी चुकीची होती, असे म्हणता येत नाही.

आक्षेपकाने मृत झालेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८९३ साली दाखविल्या. वारेच्या बाह्य थरातून सूक्ष्म कण मातेच्या रक्तात गळणे हे प्रत्येक गर्भारपणात घडते. या व्याधीत ते अधिक गळतात, असे ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९९८ साली दाखविले. रक्तबिंबिकांपासून सुटणारी अशीच धूळ वुल्फने १९६७ मध्ये वर्णिली होती.

ग्राहींचे कार्य येथून कळते. (बाजारातील ‘ग्राहक’ आठवू नये म्हणून ‘ग्राही’ हीच संज्ञा बरी.) रक्तवाहिनीच्या अस्तरावरील फ्ल्ट-१ हा ग्राही वाहिन्यांच्या वाढीस व आरोग्यास आवश्यक घटक पकडतो. आजारी वारेतून त्याचाच सुटा तुकडा भरमसाट बाहेर पडतो, हे करुमांची व सहकाऱ्यांनी २००३ साली सिद्ध केले. दारातून निखळलेले कुलूप प्रवाहात वाहावे आणि दाराची किल्ली त्यातच अडकून पडावी, तसे होते: अस्तर उपाशी राहते, वाहिन्या आकसतात, मूत्रपिंडातून प्रथिन झिरपते. वारेच्या कणांवरही हा ग्राही आढळतो. पुण्यात भारती विद्यापीठातील संशोधकांनीही रुग्ण स्त्रियांच्या रक्तातील या घटकांचे मापन केले आहे.

तेव्हा ‘विष’ शब्दात उगमाची दिशा बरोबर होती, जात मात्र चुकली. ही द्रव्ये निरोगी गर्भिणीतही असतात, फरक प्रमाणाचा. सुट्या ग्राहीचे वारेच्या वाढघटकाशी गुणोत्तर ३८ किंवा कमी असल्यास पुढील आठवड्यात व्याधी उद्भवण्याची शक्यता फार कमी, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ही चाचणी प्रयोगशाळेची. खंडाळ्यासारख्या घाटमाथ्यावरील गावी रक्तदाबमापक, लघवीची तपासणी आणि डोकेदुखी वा डोळ्यांपुढील अंधारीची चौकशी एवढ्यावरच प्रथम भिस्त ठेवावी लागते. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मोठ्या चाचणीत दिसले; व्याधीचे मूळ मात्र वार बाहेर पडल्यावरच सुटते.