धूम्रपानाचे संकेत, मेंदू आणि जनुके

तीन-चार महिने बिडी वर्ज्य केलेला रुग्ण एके दिवशी पानटपरीसमोर थबकतो, कोणी काडी ओढलेली पाहतो आणि पुन्हा व्यसनाकडे वळतो. हा अनुभव आपणां सर्वांस परिचित आहे. अशा वेळी ‘मनोनिग्रह कमी पडला’ असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. आधुनिक संशोधन पाहता हा निवाडा अपुरा ठरतो.

निकोटिन मेंदूत पोहोचताच डोपामिन स्रवते व सुखसंवेदना निर्माण होते. या संवेदनेशी काडेपेटी, चहाचा पेला, धुराचा गंध यांची सांगड वारंवार पडत गेली, की पुढे केवळ त्यांच्या दर्शनानेही तल्लफ जागृत होते. अशी चित्रे पाहताना धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूतील कोणते भाग उत्तेजित होतात, हे एमआरआय तंत्राने पाहता येते. ही उत्तेजना सर्वांत सारखी नसते व त्या भेदास अंशतः जनुके कारणीभूत असतात.

शरीरातील निकोटिनचे कोटिनिनमध्ये रूपांतर मुख्यत्वे यकृतातील ‘सीवायपी-२ए-६’ या विकरामुळे होते. त्याच्या जनुकातील भेदांमुळे काहींत हे विघटन जलद, तर काहींत मंद होते. कॅनडातील माँट्रियल येथे झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जलद विघटन करणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृती, भावना व सुखप्रेरणा यांच्याशी निगडित भागांनी सिगारेटच्या चित्रांना अधिक तीव्र प्रतिसाद दिला. रक्तातील निकोटिन झपाट्याने चढते-उतरते, म्हणून संकेत व सुख यांची गाठ अधिक घट्ट बसते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पंधराव्या गुणसूत्रावरील ‘सीएचआरएनए-५’ या निकोटिन-ग्राहकाच्या जनुकातील एका भेदाचा अधिक धूम्रपानाशी व फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध २००८ साली दिसून आला. तथापि, हे सारे संबंध संभाव्यतेचे आहेत. मेंदूचित्रणाचे अभ्यास थोड्या व्यक्तींवर झालेले असतात; जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. तसेच वात-पित्त-कफ प्रकृतीची या जनुकभेदांशी घाईने सांगड घालणेही अयोग्य होय.

मग चिकित्सालयात यातून काय घ्यावे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय क्रमाने सोडण्याची रीत सांगितली आहे. तो विचार प्रामुख्याने मात्रेचा आहे. संकेतांचा विचार वैद्याने स्वतंत्रपणे करावा. तल्लफ केव्हा, कोठे व कोणासोबत येते, याची नोंद रुग्णाकडून करून घ्यावी. घरातील काडेपेटी, रक्षापात्र दूर करावे. चहानंतरचा वेळ अन्य कृतीने भरावा. पुन्हा व्यसन जडल्यास दोष न देता त्या प्रसंगाची चौकशी करावी.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. तंबाखूविरहित ‘वनौषधी सिगारेट’ निरुपद्रवी पर्याय म्हणून विकू नये. तीत निकोटिन नसले तरी तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच. शिवाय हात, ओठ व धूर यांचे जुने संकेत ती जिवंत ठेवते. शास्त्रोक्त धूमपान ही द्रव्य, काल व मात्रा ठरवून करावयाची क्रिया आहे. तिचे नाव या वस्तूस देणे म्हणजे शास्त्राची व रुग्णाची, दोघांचीही वंचना होय.