पुन्हां मुंबईस

श्रोतेहो, शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं, नकाशा वाचण्यापूर्वीं तो कोणत्या सालचा आहे तें पाहावें. हा नियम मी स्वतः मात्र विसरलों. चाळीसहून अधिक वर्षांनीं मी मुंबईस गेलों, तो १९८३ सालचा नकाशा मनांत घेऊन! एल्फिन्स्टन रोडचें तिकीट मागितलें, तेव्हां खिडकीवरील मुलगी म्हणाली, "आजोबा, प्रभादेवी म्हणा." स्थानकाचें नांव २०१८ सालींच बदललें होतें. बाहेर येऊन पाहतों तों ओळखीची एकहि चिमणी दिसेना.

ज्या गिरणगांवांत मी वाढलों, तें कसें चालत असे, हें तरुण श्रोत्यांस उलगडून सांगितलें पाहिजे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें सुताच्या गिरणीची स्थापना केली. पुढें भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्या पसरल्या. कामगार पायीं कामावर जाई, म्हणून चाळ गिरणीजवळ. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून एका खोलींत दहा-बारा माणसें मावत. कांहीं कामावर, तर कांहीं निजलेलीं. पुष्कळांचीं बायकामुलें गांवीं, म्हणून खानावळी. भोंगा हेंच सर्वांचें घड्याळ. हीं सारीं एकाच यंत्राचीं चाकें होतीं. गिरणी थांबली कीं सर्वच थांबावयाचीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं ती थांबली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, व हा संप वर्षाहून अधिक काळ चालला. परंतु सर्व दोष संपाच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. अनेक गिरण्यांतील यंत्रें जुनीं झालीं होतीं, आणि भिवंडीसारख्या गांवीं यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होतें. पुढें तर कापडापेक्षां गिरणीखालची जमीनच मोलाची ठरली.

या जमिनीसाठीं १९९१ सालीं नियम झाला. त्याचा मतितार्थ असा कीं, एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीस आणि उरलेला मालकास. २००१ सालच्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. जुन्या इमारतींखालची जमीन तींतून सुटली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती ग्राह्य धरली. आज तेथें मैदानें थोडीं आणि मनोरे फार कां, याचें एक कारण हें आहे. ज्या दारांत मी वडिलांना डबा देत असें, तेथें आतां कांचेची इमारत आहे. पहारेकऱ्यानें विचारलें, "काका, कोणाकडे जायचंय?" मला उत्तर सुचलें नाहीं.

संपांत वडिलांनीं आमची दहा बाय बाराची खोली पागडी घेऊन सोडली आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं गेलों. "थोडा धीर धरला असतात तर?" असें मीं त्यांस एकदांच विचारलें. ते कांहीं न बोलतां उठून गोठ्यांत गेले. ती खोली त्यांनीं उगीच घालविली, असेंच मी इतकीं वर्षें समजत आलों.

आमची चाळ टेकूंवर अद्याप उभी आहे. तेथें शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. मीं खोलीचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "अरे, त्या पैशांतून तुझ्या वडिलांनी वाण्याकडची चार घरांची उधारी फेडली. आमचीही. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतें. आणि आतां क्षमा मागावी, तर वडील हयात नाहींत.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी जुन्या शहरीं परतणार असेल, तर मनांतला नकाशा टाकून देऊं नये. त्यावर त्याचें साल तेवढें लिहावें. आणि तेथें ओळखीचें कोणी वृद्ध माणूस असेल, तर प्रथम त्याच्याकडे जावें. इमारती मागाहूनहि पाहतां येतील.