दिवस जाण्याआधीच सुरू करायची गोळी

काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत घाटंजीकडची एक तरुण सून सासूबरोबर माझ्याकडे आली होती. पहिले बाळ पाठीच्या कण्याला उघडी जखम घेऊन जन्मले आणि काही दिवसांतच गेले होते. सासू बाहेर जाताच ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ग्रहणात मी भाजी चिरली होती जी. म्हणून झालं का असं?"

वर्षभर हे ओझे तिने एकटीने वाहिले होते. मी तिला सांगितले, "नाही बाई. ग्रहणाचा काही संबंध नाही आणि तुझा काही दोष नाही." मग सासूलाही आत बोलावले आणि दोघींना जे समजावून सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो.

गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात न होतात, तोच हे काम उरकलेले असते. आपल्याकडे तेव्हा घरातल्यांना पत्ताही नसतो. दवाखान्यात नाव नोंदवायला दुसरा-तिसरा महिना उजाडतो. नळी नीट बंद होण्यासाठी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व पुरेसे लागते. ते अंगात आधीपासूनच हवे. नंतर घेतलेली गोळी रक्तवाढीला उपयोगी पडते, पण कण्याच्या बाबतीत ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमधल्या एका गंभीर पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. १९९१ मध्ये सात देशांतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्यांचे आधीचे बाळ असे दगावले होते किंवा व्यंग घेऊन जन्मले होते, त्या स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तर पुन्हा तसे होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. अशी सगळीच व्यंगे गोळीने टळत नाहीत, हेही खरे. त्यांना इतर कारणेही असतात.

आता व्यवहाराचे बोलू. देशाच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात (२०१८) सांगितलेला क्रम असा आहे. मूल हवे असे ठरवल्यापासून गर्भारपणाचे पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक गोळी घ्यावी. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, ती १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. या गोळ्या सरकारी आरोग्यसेवेतून विनामूल्य देण्याच्या आहेत. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे विचारा. लग्न झालेल्या मुलीने "मला दिवस गेलेले नाहीत, पण गोळी पाहिजे" असे म्हणण्यात लाजण्यासारखे काही नाही.

लाल गोळ्यांचा डबा घरोघरी फळीवर तसाच पडलेला मी पाहतो. कारणे ठरलेली: शौचास काळे होते, मळमळते, बाळ फार मोठे होईल. शौचास काळे होणे हा लोहाचा रंग आहे, अपाय नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. लिंबू पिळलेले पाणी चालते. बाळ 'फार मोठे' होते हा गैरसमज आहे. उलट आईचे रक्त फार कमी असेल, तर बाळ अशक्त व अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका वाढतो. पालक, मेथी, हरभरा, मूग, शेंगदाणे जरूर खा, पण शिजवताना फॉलिक ॲसिडचा बराच भाग नष्ट होतो. म्हणून भाजी हवीच आणि गोळीही हवी.

तिघींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. पहिली, जिचे आधीचे बाळ असे जन्मले तिने, कारण तिला फॉलिक ॲसिड कितीतरी जास्त मात्रेत लागते. दुसरी, फिटचे औषध घेणारी. तिने औषध मनाने बंदही करू नये. तिसरी, सिकलसेलची रुग्ण. हा आजार आपल्या जिल्ह्यात आढळतो. अशा स्त्रीने लोहाची गोळी तपासणीशिवाय घेऊ नये.

घाटंजीकडची ती सून सहा महिन्यांनी पुन्हा आली, एकटीच. म्हणाली, "अजून काही नाही जी, पण आम्ही ठरवलं आहे. गोळी आधीच लिहून द्या." मी चिठ्ठी लिहिली. तिला मुलगी झाली, धडधाकट. सासूने मला पेढे दिले आणि विचारले, "धाकट्या सुनेला कधीपासून सुरू करू?" मी म्हणालो, "आजपासून."